अरे देवा, युनियन सोडली म्हणे!

शोभतं का हे, तुम्हीच सांगा. केरी म्हणजे गोव्यातल्या पेडणे तालुक्याचं पार वरचं टोक. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तेरेखोलची नदी, मध्ये सुरूची झाडं आणि आजोबाचं देऊळ. अशा गावात माणसांनी बोलावं कशावर? मासळीवर, काजूच्या दरावर, किनारा खात खात आत येणाऱ्या समुद्रावर. पण नाही! फेरीधक्क्यावर चार टाळकी जमली की सुरू: ब्रिटनने युरोपियन युनियन सोडली ते बरं केलं की वाईट? खुद्द लंडनवाले या विषयाला कंटाळले असतील, पण इथे पलीकडची बोट अलीकडे येईपर्यंत तीन पक्ष तयार असतात. एक सोडण्याच्या बाजूचा, एक राहण्याच्या बाजूचा, आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, ‘आमच्या पोराचं काय?’ म्हणणारा.

हे वेड लागलं ती तारीखही लोकांना पाठ आहे. २३ जून २०१६ ला तिकडे मतदान झालं. २४ च्या सकाळी पदेर पाव टाकून गेला आणि नवाच्या सुमारास बातमी आली. सोडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. शंभराच्या आसपास खेळणारा पौंड त्याच दिवशी नव्वदीच्या घरात घसरला. युनियनमध्ये देश किती, हे त्या सकाळपर्यंत ज्या बाईंच्या गावीही नव्हतं, त्या दुपारी कुंपणावरून शेजारणीला सांगत होत्या, ‘त्यांच्या पंतप्रधान कॅमेरूनला ही अवदसा आठवायचं काही कारण होतं का गे?’ बाईंना हसू नका. निकाल लागल्यावर ब्रिटनमधली माणसं गुगलला युनियनबद्दल जे प्रश्न विचारत होती, त्यांत ‘युरोपियन युनियन म्हणजे काय?’ हा अगदी वरच्या नंबरात होता. मत देऊन झाल्यावर! आमच्या बाईंनी निदान मत तरी दिलं नव्हतं.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, केरीचं आणि ब्रसेल्सचं काय नातं? नातं आजोबांचं. देवळातल्या नव्हे, घरातल्या. पोर्तुगालचा कायदा असा, की १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जो गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मला, तो पोर्तुगीज नागरिक म्हणून हक्क सांगू शकतो. तो, त्याची मुलं आणि नातवंडंसुद्धा. गोवा भारताचा झाला हे पोर्तुगालने १९७४ च्या शेवटच्या दिवशी करारावर सही करून मान्य केलं, पण जन्मलेल्या माणसांवरचा हक्क काही सोडला नाही. पुढे १ जानेवारी १९८६ ला पोर्तुगाल युरोपच्या त्या संघात गेला आणि आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेतल्या वाळवी लागलेल्या कागदाला सोन्याचा भाव आला. लिस्बनच्या नोंदणी कचेरीत आजोबांचा जन्म चढवायचा, मग बाबांचा, मग आपला. त्यानंतर बीआय कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, मग पासपोर्ट, आणि नातू थेट इंग्लंडातल्या स्विंडनच्या गोदामात खोकी भरायला हजर. या सगळ्यात पोर्तुगाल कुठे लागतच नाही. ज्या देशाचे नागरिक झालो, तो देश विमानाच्या खिडकीतूनसुद्धा न पाहिलेले कितीतरी आहेत.

आणि काय तो सोहळा! ज्यांना आजोबांच्या श्राद्धाची तिथी आठवत नव्हती, त्यांना आजोबांची जन्मतारीख तोंडपाठ झाली. पोर्तुगीज कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी आपल्या कानाला ऐकू आलं तसं नाव लिहून ठेवलेलं; ते आधार कार्डाशी जुळवता जुळवता एजंटांची घरं दुमजली झाली. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. पूर्वी मुलगा काय करतो म्हटलं की उत्तर यायचं, सरकारी नोकरी, नाहीतर बोटीवरचा तारवटी. आता येतं, ‘पासपोर्ट जाला.’ बस्स. मुलगा काय शिकला, काय खातो, काय पितो, पुढचं कुणी विचारत नाही.

सुरुवातीला आम्ही पेडणेकरांनी नाकं मुरडली हो. हे साष्टी-बार्देशातलं खूळ, आपल्याकडे चालायचं नाही, असं आमच्या इथले शहाणे म्हणत. मग २०१२ मध्ये खाणी थांबल्या. डिचोलीत ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालत राहिले. खाणी पुन्हा सुरू होतायत असं वाटतंय तोवर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. त्यानंतर खूळ हा शब्द कुणी काढला नाही. २०११ ते २०२२ या काळात देशभरच्या पासपोर्ट कचेऱ्यांत सुमारे सत्तर हजार भारतीय पासपोर्ट परत झाले. त्यातले २८ हजारांहून जास्त, म्हणजे शंभरातले चाळीस, एकट्या गोव्यातले. पंधरा लाखांचं हे चिमुकलं राज्य, आणि पासपोर्ट टाकण्यात उत्तर प्रदेशालाही मागे टाकतं! म्हणजे बघा, ब्रिटनने एक मोठं मतदान घेऊन, गाजावाजा करून युनियन सोडली. आमच्याकडे हे काम घरोघरी, दरडोई, गुपचूप चालू होतं. आणि हीच माणसं धक्क्यावर उभी राहून ब्रिटनला नावं ठेवत होती, की असं कुणी आपलं माणूस सोडून जातं का!

आता रंगाची गंमत ऐका. भारताचा पासपोर्ट गडद निळा; पोर्तुगालचा आणि युनियनमधल्या बहुतेक देशांचा लालसर, कोकमाच्या आगळाच्या रंगाचा. आमची पोरं निळा टाकून लाल घ्यायला धावत होती, तेव्हा इंग्रज काय करत होता? ‘आमचा जुना निळा पासपोर्ट आम्हाला परत हवा’ म्हणून छाती पिटत होता. मिळाला त्याला, २०२० मध्ये. पण छपाईचं कंत्राट कुणाला? एका फ्रेंच-डच कंपनीला. आणि छापला कुठे? पोलंडमध्ये! ज्या युनियनचा इतका वीट आला, तिथूनच स्वातंत्र्याचं प्रमाणपत्र छापून आणलं. आमच्या ग्रामसभेने असं काही केलं असतं तर पेपरवाल्यांनी पहिल्या पानावर घेतलं असतं.

याहून मोठी चहाडी मतदार यादीची आहे. त्या मतदानात ब्रिटनमध्ये राहणारा राष्ट्रकुल देशांचा नागरिक मत देऊ शकत होता; भारतीयसुद्धा. पण युनियनच्या देशांचे नागरिक, एक आयर्लंड आणि माल्टा-सायप्रसवाले सोडले तर, मत देऊ शकत नव्हते. आता डोकं लावा. एकाच खोलीत राहणारे दोन केरीकर. एक भारतीय पासपोर्टावर, शिक्षणाचा नाहीतर नोकरीचा व्हिसा काढून गेलेला; त्याला मत. दुसऱ्याने भारत सोडून पोर्तुगीज होण्यासाठी एजंटाला लाखभर मोजलेले; ज्याचं सगळं नशीब त्या निकालावर टांगलेलं, त्याला मत नाही. मत हवं होतं तर बाबा रे, भारतीयच राहायचं होतंस! आणि ज्या स्विंडनमध्ये आपली पोरं शनिवार-रविवारी जास्तीची पाळी करून हप्ते फेडतात, त्या स्विंडनने काय केलं? सुमारे ५५ टक्के मतं ‘सोडा’ला. दुकानात गोड हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणणाऱ्या म्हातारीने मतपेटीत काय टाकलं, हे त्या दिवशी कळलं. पुढे २०२१ मध्ये तिथला होंडाचा मोटारींचा कारखानाही बंद झाला. कंपनीने कारण ब्रेक्झिटचं दिलं नाही, पण धक्क्यावरच्या मंडळींना कंपनीचं ऐकायची सवय नाही.

पण खरा बोभाटा तर आपल्याच माणसांचा. जे आधी गेले, स्थिरावले, ज्यांनी घर घेतलं, त्यांतल्या कितीजणांचा सूर काय माहीत आहे? ‘बरं झालं दार लावलं ते. फार गर्दी झाली होती.’ ऐकलंत? विमानतळावर ज्याच्या खांद्यावर मान ठेवून रडला, त्याच मावसभावाला आता गर्दी म्हणतो! मावसभाऊही काही कमी नव्हता. दार लागायच्या आत पोचायचं म्हणून काय ती पळापळ! ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, पण सवलतीची मुदत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. त्या तारखेच्या आत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यालाच, सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करून, पुढे राहता येणार होतं. त्यात मार्चपासून कोरोना, विमानं बंद. त्या वर्षी चवथीला गाऱ्हाणं घालताना ‘हय महाराजा’च्या आधी कुणी सेटलमेंट स्कीमचं नाव घेतलं असेल, तर देवालाही दोनदा विचारावं लागलं असेल. अर्ज करायची शेवटची तारीख ३० जून २०२१. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेऊन हिथ्रोवर उतरणारा पोरगा नोकरीपुरता परकाच.

आणि वर ही मंडळी! एका बाजूला अंतोनिओ कोस्ता. मडगावच्या घराण्यातले, घरात म्हणे ‘बाबुश’. आठ वर्षांहून जास्त काळ पोर्तुगालचे पंतप्रधान, आणि १ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. म्हणजे ज्या युनियनचं एवढं रामायण, तिच्या मुख्य खुर्चीवर आमचा मडगावचा बाबुश! भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्डही आहे त्याच्याकडे, २०१७ मध्ये खुद्द मोदींनी हातात दिलं. दुसऱ्या बाजूला सुएला ब्रॅव्हरमन. वडील गोंयकार मुळाचे, केनियातून इंग्लंडला गेलेले. आणि लेक? युनियन सोडा म्हणणाऱ्या कडव्या खासदारांच्या गटाची म्होरकी. पुढे गृहमंत्री झाली आणि २०२२ मध्ये म्हणाली, व्हिसा संपल्यावरही मुक्काम ठोकणाऱ्यांत सगळ्यांत जास्त भारतीयच! भारतीयांना हे ऐकवायला इंग्रज नको, आपलीच पोर पुरे. त्याच बाजूच्या प्रीती पटेलबाईंनी तर २०१६ मध्ये प्रचार केला होता की युनियन सोडा, म्हणजे आपल्या करीच्या हॉटेलांना भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील. लोकांनी मतं दिली. आचाऱ्यांची वाट ही हॉटेलं अजून बघतायत.

बरं, जनमत कसं घ्यावं हे आम्हाला कुणी शिकवू नये. पेडण्याचा या बाबतीत अनुभव दांडगा. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांनी हा महाल पोर्तुगीजांच्या हवाली केला, तेव्हा आमचं मत कुणी विचारलं नाही. १९६१ ला लष्कर आलं तेव्हाही नाही, पण तेव्हा तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. विचारलं ते १६ जानेवारी १९६७ ला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१. आमचा तालुका फुलाच्या बाजूचा, हे काही गुपित नाही. विलीनीकरणाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते भाऊसाहेब बांदोडकर, तेही पेडण्याचेच. पण बघा हो, मतदान निर्मळ व्हावं म्हणून हा माणूस मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देऊन आधी बाजूला झाला. कॅमेरूनसाहेबांनी राजीनामा दिला तो निकाल लागल्यावर. दोन्ही राजीनामेच, पण एक आधीचा, एक नंतरचा, आणि त्यातच सगळं आलं.

दुसरं म्हणजे प्रश्न. १९६७ मध्ये केरीतल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक होतं, की फुलावर शिक्का मारला तर आपण मुंबईच्या राज्यात जाणार आणि पानावर मारला तर दिल्लीच्या हाताखाली राहणार. २०१६ च्या इंग्रजी मतपत्रिकेवर काय होतं? राहायचं की सोडायचं. सोडून कुठे जायचं, हे नव्हतंच! नॉर्वेसारखं अर्धं आत, की स्वित्झर्लंडसारखं करारांच्या गाठोड्यावर, की पुरतं बाहेर? ज्याला जे हवं ते त्याने मनात धरलं आणि मत टाकलं. मग पुढच्या पंतप्रधान थेरेसा मेबाई करार घेऊन संसदेत गेल्या, २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत तीनदा, आणि तीनदा हात हलवत परत आल्या. सहा वर्षांत ब्रिटनने पाच पंतप्रधान पाहिले. आमच्याकडे पानं जिंकली आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्या फूलवाल्या मगो पक्षाला पुन्हा निवडून भाऊसाहेबांना मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. इतकं नेमकं मत देता येणारी माणसं ब्रिटनच्या मतदानावर चार शब्द बोलली तर बिघडलं कुठे? पेडण्यात अजूनही एखादा आजोबा ‘फूल पडलं’ म्हणून हळहळतो, पण त्यासाठी कुणी तेरेखोलच्या पाण्यात कुंपण घातलं नाही.

कुंपणावरून आठवलं. उत्तर आयर्लंडचा गुंता जगातल्या विद्वानांना समजावून सांगायला वर्षं लागली. आमच्या गावात तो पाच मिनिटांत समजला, कारण समोर तेरेखोल आहे. गाव गोव्याचं, तालुका पेडणे, पंचायत केरीबरोबर एकच, पण नदीच्या पलीकडे. पाठीला पाठ लावून सगळा सिंधुदुर्ग. ओहोटीला फेरीबोट अडली की आपल्याच पंचायतीत जायला किरणपाणीवरून आरोंद्याला, तिथून रेडीला, म्हणजे दुसऱ्या राज्यातून वळसा. आणि नाक्यावर पोलिसाचा ठरलेला प्रश्न: बाटल्या आहेत का? उत्तर आयर्लंडचं तेच. देश ब्रिटन, पण जमिनीची सीमा आयर्लंडशी, म्हणजे युनियनशी. तिथे नाका घालायचा नाही म्हणून नाका समुद्रात नेला. आता ब्रिटनमधून ब्रिटनमध्येच माल न्यायला एक हिरवी रांग आणि एक लाल रांग.

त्यातही योगायोग कसा ते पाहा. १९ जून २०१७ ला ब्रसेल्समध्ये घटस्फोटाची बोलणी सुरू झाली, एक बाजार मोडायची. आणि बाराच दिवसांनी, १ जुलैला, आपल्याकडे जीएसटी आला, सगळ्या देशाचा एक बाजार करायला. जकातीचे, विक्रीकराचे नाके उठले. पण दारू जीएसटीच्या बाहेर राहिली. त्यामुळे पोलिसाचा प्रश्न टिकला.

दारूचं निघालंच आहे तर सांगून टाकते, कारण तावेर्नांत सध्या हाच विषय. युनियनमध्ये असताना ब्रिटनला कुणाशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर त्यांनी भारताशी केला, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. स्कॉचवरचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर यायचं ठरलं. आणि तिकडच्या दुकानांत जाणाऱ्या मालाच्या सरकारी कौतुकात आपल्या फेणीचंही नाव! बघा म्हणजे, पोरगा जाऊ शकत नाही, पण फेणी जाऊ शकते. ब्रेक्झिटचा केरीला एवढा फायदा होईल असं कॅमेरूनच्या स्वप्नातही नसेल.

आणि ज्यांनी सोडली, ते आता म्हणतायत काय? यूगव्ह या चाचणीवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये विचारलं, तेव्हा ५५ टक्के म्हणाले चूक झाली, बरोबर केलं म्हणणारे ३० टक्के. पण चूक मान्य केली म्हणून कुणी लगेच परत निघालेलं नाही. पुन्हा मतदान घेऊ म्हणायची छाती फारशा मोठ्या पुढाऱ्यांत दिसत नाही. लाज वाटत असेल, किंवा पुन्हा तोच तमाशा नको असेल. मला विचाराल तर दुसरं खरं.

आमच्याकडचं वेड मात्र ओसरलेलं नाही, नुसतं वळलं आहे. ब्रिटनचं दार लागलं तरी युनियनचे सत्तावीस देश आहेतच. आयर्लंडला इंग्रजी चालतं, जर्मनीत पगार बरा, असं कुणाचा तरी मेव्हणा सांगतो, आणि ट्रंक पुन्हा माळ्यावरून खाली येते. येऊ दे. पोटासाठी गेलेल्याला मी नावं ठेवणार नाही. या किनाऱ्यावरून माणसं बोटीवर, मुंबईला, आफ्रिकेला, आखातात जातच आली. पण बाबांनो, सही करण्याआधी एजंटाला एवढं विचारा, की मतपत्रिकेवर न लिहिलेलं ‘पुढे काय’ या कागदात कुठे लिहिलंय. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं संपतं, आणि नंतर ओसीआय कार्ड मिळालं तरी त्या कार्डावर केरीच्या पंचायतीला मत देता येत नाही, उभं राहता येत नाही आणि काजूची बागायत विकत घेता येत नाही.